परत केलेलं विरजण

“विरजनाले नाई म्हनू देऊ नोको तिले,” यशोदाबाई म्हणाल्या आणि कोमट दुधात करंगळी बुडवून तशाच थांबल्या.

चारुता दाराशी उभी होती. एका खांद्याला लॅपटॉपची बॅग, दुसऱ्याला दुपट्यांची पिशवी आणि कडेवर अर्णव. त्याच्या कानटोपीचे बंद काही केल्या हनुवटीखाली बसत नव्हते आणि फाटकाबाहेर तिच्या ऑफिसची जीप हॉर्न वाजवत होती.

“काय म्हणालात आई?”

“मोहिनीले सांगजो, म्हटलं. बाकी तुमचं काय ते करा. कंपनी करा, बोर्ड लावा, फोटू काढा. पन दारात भांडं घेऊन आलेल्या बाईले विरजन नाई म्हनू नोको, म्हना. आमच्या रोहन्यात कोनी म्हनत नाई.”

“हो आई.”

हे ‘हो आई’ चारुताचं ठरलेलं होतं. बाळाच्या तळपायाला काजळ लाव, तिन्हीसांजेला त्याला अंगणात काढू नको, कोणी गुटगुटीत म्हटलं की दृष्ट काढून टाक. सासूबाईंच्या सगळ्या सांगण्यांना ती हेच उत्तर देई आणि पुढच्या कामाला लागे. त्या दिवशीही तिनं कसेबसे बंद बांधले, अर्णवच्या कपाळाला ओठ टेकवून ताप नाही ना ते पाहिलं आणि जीपमध्ये बसली. ताप नव्हताच. तो नसताना पाहायचीच तिला सवय होती. आर्वी मागं पडेपर्यंत सासूबाईंचं बोलणं डोक्यातून गेलंही होतं.

जीप निघाली होती रोहण्याला, मोहिनीकडे. मोहिनी ही यशोदाबाईंच्या चुलतभावाची, रूपरावांची लेक. नात्यानं चारुताच्या नवऱ्याची, सुमीतची मामेबहीण, म्हणजे तिची नणंद. लग्न होऊन यवतमाळकडे गेली होती, ती काही वर्षांतच पेटी घेऊन परत आली. का आली हे रूपरावांनी कोणाला सांगितलं नाही आणि गावानं अंदाज करायचं सोडलं नाही. परत आलेली लेक गावात आधी पाहुणी असते, मग विषय होते, आणि विषय शिळा झाला की मग ती कोणीच नसते. हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या घरावरून पुढं जाई. नळावर बाया तिला जागा करून देत, पण आपसातलं बोलणं थांबवून.

रूपरावांच्या परसात पऱ्हाट्यांचा ढीग होता. कापूस वेचून झाला की उपटलेली ती वाळकी झाडं तिकडे कोणाच्या परसात नसतात? काही चुलीत जातात, उरतात ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवून देतात. मोहिनी ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, गुळाच्या ढेपेचं पोतं धुतलेलं पाणी त्या ढिगावर ओतत असे. त्यात काही शास्त्र नव्हतं. घरची मोरी तुंबलेली होती. एका पावसाळ्यात तिला दिसलं की ढिगाचा तेवढाच कोपरा खाली बसलाय. हात घातला तर काडीचा बोटांत भुगा झाला. दुसरी कोणी असती तर हात धुऊन आत गेली असती. मोहिनीला गावात बोलायला कोणी नव्हतं, ती ढिगाशी बोलू लागली. धुऱ्यावरच्या बोरीखालची माती आणून बघ, बेसन टाकून बघ, गूळ कमी कर, ताक वाढव. असं करता करता एका ड्रममध्ये आंबूस-गोड वासाचं, फेस धरणारं पाणी तयार झालं. ते बारीक केलेल्या पऱ्हाटीवर शिंपडत राहिलं की जी काडी वर्षभर सडत नाही, ती पेरणीनंतर टाकलेली पोळ्यापर्यंत काळीभोर माती होऊन हातात यायची. आणि या पाण्याची आणखी एक गंमत होती. ते संपत नसे. गडवाभर जुनं पाणी नव्या गूळपाण्यात सोडलं की पुन्हा ड्रम भरून तेच. अगदी दह्यासारखं.

पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या भागीरथाबाई.

“मोहिने, ते तुह्यं ताक मले दे वो जराक. माह्या मांगच्या पऱ्हाटीत साप निंगून राह्यले.”

रोहण्यात विरजण मागायला जाणारी बाई भांडं रिकामं नेत नाही. भागीरथाबाईंच्या गडव्यात अंबाडीची कोवळी भाजी होती. मोहिनीनं भाजी काढून घेतली, गडवा भरून दिला. मग पलीकडच्या घरातून तांब्या आला, मग कोपऱ्यावरच्या घरातून डबा. कोणी डाळ आणी, कोणी बोरं. ज्या दारावरून हळदीकुंकू पुढं जाई, त्या दाराशी बाया रेंगाळू लागल्या. मागायला आलेली बाई लगेच कशी जाईल? बाजेच्या कडेवर टेकायची, सुनेची कागाळी सांगायची, चहाला नाही नाही म्हणत प्यायची. एखादीचं पाणी बिघडलं तर ती मोहिनीकडेच यायची असंही नव्हतं, शेजारणीकडून घ्यायची. पण नाव एकच होतं. सारी गल्ली त्याला ‘मोहिनीचं विरजण’ म्हणे.

चारुतानं हे पाहिलं ते बाळ दाखवायला रोहण्याला गेली तेव्हा. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती. तालुक्याच्या नवउद्योग केंद्रात ती समन्वयक होती. गावातल्या कल्पना हुडकायच्या आणि त्यांचा उद्योग उभा करून द्यायचा, हे तिचं काम. आजवर आलेल्या कल्पना बहुतेक मोबाइलमधल्या होत्या आणि मोबाइलमध्येच राहिल्या होत्या. इथं तिनं खताच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि तो गार, भुसभुशीत स्पर्श तिच्या खांद्यापर्यंत चढला. गावातलं डोकं गावातच कामाला लागावं, पोरापोरींना पुण्याची गाडी धरावी लागू नये, असं ती सभांमधून बोलत असे, आणि ती ते मनापासून बोलत असे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती सुमीतशी इतकी बोलली की तो म्हणाला, “आपण बाळ दाखवायला गेलो होतो की पऱ्हाटी बघायला?”

केंद्राच्या प्रमुखांनाही कल्पना आवडली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “उद्या शेजारणीनं हेच पोत्यात भरून विकायला काढलं, तर तुमची मोहिनी काय विकणार?”

प्रश्न अनुत्तरित राहणं चारुताला सोसत नसे. तोच प्रश्न घेऊन ती त्या माघातल्या सकाळी रोहण्याला निघाली होती.

मोहिनीनं निंबाखाली ड्रम ओळीनं मांडले होते, तोंडांना ओली पोती बांधून. चारुता बाजेवर बसून समजावत होती. बोलता बोलता तिचा एक डोळा अर्णववर होता. तो माती तोंडात घालील, मुंगी चावेल, ड्रमचा वास छातीत जाईल.

“हे तुमचं डोकं आहे ताई. डोकं फुकट वाटायचं नसतं.”

“डोकं कायचं वहिनी, मोरी तुंबली होती,” मोहिनी हसली.

“हसू नका. बाहेर गेलं की हे कोणीही करेल.”

“करू द्या ना. पऱ्हाटी काय कमी हाय काय गावात?”

चारुता पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. उद्योग म्हणजे काय, बाजार म्हणजे काय, आपलं वेगळेपण जपायचं म्हणजे काय. मोहिनी मन लावून ऐकत होती. कोणी इतका वेळ तिच्याशी तिच्या कामाबद्दल बोलत होतं, हेच तिला नवं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं.

“मोहिने, हायेस काय वो? कापसाच्या वेच्याच्या धांदलीत गूळ टाकाचाच राह्यला अन् माह्यं मेलं पार. जराक दे.” भागीरथाबाई गडवा घेऊन निंबाखाली आल्या. गडव्यात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. “अन् ह्या कोन? यशोदीची सून काय? माय वो, पोट्टं कसं लोन्यासारखं हाय!”

त्यांनी अर्णवच्या गालाकडे हात नेला. चारुतानं हसून त्याचं तोंड दुपट्यात घेतलं. शेतातून आलेला हात होता.

मोहिनीनं सवयीनं ड्रमच्या पोत्याला हात घातला होता. तो तिथंच थांबला. तिनं मान वळवून चारुताकडे पाहिलं.

चारुतानं अर्णवचं स्वेटर खाली ओढलं आणि नकारार्थी मान हलवली. हलवली असंही कोणी शपथेवर सांगू शकलं नसतं, इतकीच.

“काकू,” मोहिनी म्हणाली, “आता ते कंपनीचं झालं.”

“काय झालं?”

“कंपनीचं. देता येत नाई.”

भागीरथाबाईंनी ड्रम पाहिले, लॅपटॉप पाहिला, शेवटी मोहिनीकडे पाहिलं. “कंपनी कवा आली वो? म्या त आतालोक मोहिनीच्या घरी येत होती.”

स्वतःच्या बोलण्यावर त्या हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी गडवा उलटा करून शेंगा बाजेवर ओतल्या.

“राहू द्या काकू, घेऊन जा.”

“आनलेलं वापस नेत नसतेत,” त्या म्हणाल्या आणि रिकामा गडवा पदराखाली धरून निघून गेल्या. जणू तो कोणाला दिसू नये.

फाटक लागल्यावर चारुता म्हणाली, “सुरुवातीला जड जातं ताई. सवय होते.” हे वाक्य तिनं कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात पोत्यांवर छापायला फोटो हवे म्हणून ती छायाचित्रकाराला घेऊन पुन्हा गेली. दुपार उतरली होती. मोहिनी खताच्या ढिगाशी अवघडून उभी होती आणि छायाचित्रकार तिला ‘जरा हसा ना ताई’ म्हणत होता. तेव्हा बाया आल्या. शेतातून परतताना एकत्र येतात तशा, साऱ्या गल्लीच्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं: तांब्या, डबा, रंगाची बादली, एकीपाशी तर तोंड कापलेला तेलाचा कॅन. पुढं भागीरथाबाई नव्हत्या. त्यांचं तर आधीच मेलं होतं. त्या मागं उभ्या होत्या.

“मोहिने, हे घे. तुह्यं तुले.”

“काऊन पन?” मोहिनीनं विचारलं.

“कंपनीचं हाय म्हनते ना? मंग आमच्या घरी कसं ठेवाव? दुसऱ्याची चीज घरात ठेवू नाई.”

कोणाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर चारुता पुढं झाली असती. बाया एकेक करून पुढं आल्या आणि घरात जपलेलं पाणी निंबाखालच्या ड्रममध्ये ओतून मोकळ्या झाल्या. एकीनं तर डबा हिसळून तेही पाणी ओतलं, थेंब राहायला नको म्हणून. मोहिनी आत धावली, गुळाची ढेप घेऊन आली. कोणाचं भांडं तिच्या घरून रिकामं कसं जाईल? तिनं प्रत्येक भांड्यात गुळाचा खडा टाकला. बायांनी भांडी घेतली. आणि जाताना, एकमेकींकडे न पाहता, प्रत्येकीनं आपला खडा ओट्याच्या कडेवर काढून ठेवला. नीट, ओळीनं. मुंग्या लागू नयेत म्हणून एकीनं त्यावर टोपलं उपडं घातलं.

छायाचित्रकारानं याचा फोटो काढला. चांगला आला.

संध्याकाळी चारुतानं प्रमुखांना फोन केला. आता बाहेर कोणाकडेच नाही, लोकांनी आपणहून परत केलं, असं तिनं सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात उत्साह होता. ते म्हणाले, “व्वा, हे तर कायद्याच्या कागदानंही झालं नसतं.” जेवताना तिनं हेच सुमीतला सांगितलं. यशोदाबाई बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

“परत केलं?”

“हो आई. एकदम शांतपणे. भांडण नाही, काही नाही.”

यशोदाबाईंनी पुढची शेंग उचलली. “भांडल्या असत्या त बरं होतं,” त्या म्हणाल्या. “भांडन मिटते.”

अर्णव घास थुंकत होता. चारुता त्याच्याकडे वळली.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं, हे खोटं म्हणता येणार नाही. मोहिनीचा हसरा फोटो छापलेली पोती नागपूरच्या रोपवाटिकांत जाऊ लागली. वर्ध्याच्या प्रदर्शनात लोक तिच्या टेबलाशी थांबून काळी माती हुंगून पाहत. पुढं एका मोठ्या कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. नव्या साडीत ती माइकसमोर गेली, ‘नमस्कार’ म्हणाली आणि गप्प झाली. पहिल्या रांगेत चारुता बसली होती. मोहिनीनं तिच्याकडे पाहिलं, चारुतानं मान हलवली, मग ती बोलू लागली आणि फार छान बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपण नोकरीत एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं.

निंबाखालचे ड्रम नव्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पोती भरायला दोन बाया दुसऱ्या गावाहून ऑटोनं येत. गल्लीतल्या बाया येत नसत, पण रस्त्यात भेटल्या की विचारत, “काय वो कंपनी, बरं हाय काय?” ते नावच पडलं. रूपरावांचं घर कुठं म्हणून कोणी विचारलं की पोरं सांगत, ते काय कंपनी. मोहिनीनं हे चारुताला हसत हसत सांगितलं. चारुताही हसली, आणि पुढच्या सादरीकरणात तिनं ही गोष्ट सांगितली. सभागृहही हसलं.

चहाला आता कोणी थांबत नाही, हे मोहिनीनं सांगितलं नाही. चारुतानं विचारलंही नाही. एरवी अर्णवच्या एका शिंकेवर ती रात्र जागून काढी.

दुसऱ्या उन्हाळ्यात चारुतानं मोहिनीला पुण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मोहिनी जायला तयार नव्हती.

“उन्हाळा हाय वहिनी. ह्याले रोज पाहा लागते.”

“रूपरावमामा आहेत ना? अशी संधी पुन्हा येत नाही ताई.”

मोहिनीनं वडिलांना सगळं दाखवलं, गूळ काढून ठेवला आणि ती गेली. वैशाखातलं वर्ध्याचं ऊन काय असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. निंबाखाली वारा होता; पत्र्याखाली भट्टी झाली. रूपरावांनी सांगितलं तसं सारं केलं, पोती भिजवली, गूळ टाकला. पण नाकानं ओळखायचं ते मोहिनीचं नाक पुण्यात होतं. ती परतली, शेडचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. आंबूस-गोड वास नव्हता. तिथं नासक्या अंड्याचा वास होता.

सगळे ड्रम गेले होते. एकूण एक.

तिनं ड्रम घासले, उन्हात पालथे घातले, नव्यानं सुरुवात केली. तीच बोर, तीच माती, तोच गूळ. पाणी फेसाळायचं, पण पऱ्हाटी जशीच्या तशी. दर वेळी वेगळाच वास. चारुतानं प्रयोगशाळेला फोन केला. सुरुवातीला तपासणीसाठी दिलेली बाटली त्यांनी काम झाल्यावर टाकून दिली होती. अहवाल होता. त्यात जंतूंची लांबलचक नावं होती, जिवंत काही नव्हतं.

“घरोघरी विचारू या,” चारुता म्हणाली. “कोणाकडे तरी असेल. एखादीनं ठेवलंच असेल थोडं.”

मोहिनी उठली नाही. ड्रमला टेकून बसली होती, तशीच म्हणाली, “तुम्हीच जा वहिनी. माह्यानं नाई होत.”

चारुता निघाली. कडेवर अर्णव, हातात स्वच्छ धुतलेली काचेची बाटली. दुपारची सामसूम होती. तिला वाटलं होतं, बाया तोंडावर दार लावतील, टोमणे मारतील, आणि ते ऐकून घ्यायची तिनं तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. पहिल्या घरी तिला सतरंजी टाकली, पाणी दिलं. दुसऱ्या घरी अर्णवच्या तळहातावर साखर ठेवली; साखर ठेवणारा हात शेतातला होता, आणि चारुतानं ती त्याला खाऊ दिली. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं. नाई वो सूनबाई, तवाच वापस केलं ना.

शेवटी भागीरथाबाईंचं घर होतं. त्या ओट्यावर बसून गव्हातले खडे वेचत होत्या. चारुतानं सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकलं. सूप बाजूला ठेवलं.

“सारंच गेलं? माय वो.” त्या हळहळल्या, खऱ्याखुऱ्या. “पोरीनं लय जीव लावला होता त्याले.”

“तुमच्याकडे थोडं असेल काकू? कुठं तरी, एखाद्या डब्याच्या बुडाशी?”

“कुठून असन बाई? माह्यं तवाच मेलतं. म्हनून त आलती मी.”

जे विचारायचं नव्हतं तेच चारुताच्या तोंडून गेलं. “असतं तर दिलं असतं का?”

भागीरथाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलानं काही भलतंच विचारल्यावर पाहतात.

“असतं त काऊन नसतं देल्लं? विरजनाले कोनी नाई म्हनते काय?”

त्या पुन्हा गहू वेचू लागल्या. चारुता बाटली घेऊन ओट्याखाली उभी होती. अर्णवनं साखर खाऊन चिकट झालेला हात तिच्या गालावर ठेवला, तो तिनं पुसला नाही. परतताना ती शेडकडे गेली नाही. आधी जीपमध्ये जाऊन बसली आणि बराच वेळ तिला दार लावायचंही सुचलं नाही.

केंद्राला पुढं दुसरा उद्योग मिळाला, फवारणीच्या ड्रोनचा. पत्र्याची शेड तशीच आहे. रूपरावांच्या पुतण्याची कडब्याची कुट्टी तिथं पडलेली असते. मोहिनीला रोहण्यातून कोणी जा म्हटलं नाही. पण थांब म्हणणारंही कोणी उरलं नव्हतं. दिवाळी झाली आणि ती वडिलांना घेऊन कारंज्याला गेली. घाडग्यांचं कारंजा, नागपूर-अमरावती हायवेवरचं. तिथं एका ढाब्यावर ती पोळ्या लाटते.

चारुता एकदा गेली होती. ढाब्यामागं खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटची त्यांची. मोहिनीनं हसून स्वागत केलं, अर्णवला जवळ घेतलं, स्टोव्हवर चहा ठेवला. रूपराव दाराशी बसून ट्रक पाहत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पऱ्हाटीचं कोणी काढलं नाही.

“वहिनी, एक सांगू काय? रागावसान नोका.”

“सांगा ना ताई.”

“तुम्ही नोका येत जाऊ इकडं.”

चारुतानं कप खाली ठेवला.

“तुमच्यावर राग नाई माह्या. आईची आन, नाई. पन तुम्ही समोर असल्या ना, की काही बोलाच्या आंधी माह्यी मान आपोआप तुमच्याकडं वळते. आताच पाहा ना. चहात साखर किती टाकू, त तुमच्याकडं पाह्यलं म्या.” ती हसली. “माह्याच घरात.”

चारुतानं पाहिलं होतं. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

तेव्हापासून ती गेलेली नाही. फोन करावा तर मोहिनी काय म्हणणार हे तिला ठाऊक आहे: बरं हाय वहिनी, सारं बरं हाय. यशोदाबाई एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर चारुताला बरं वाटलं असतं. आता त्या रस्त्यानं जाणारं कोणी भेटलं, शाळेतल्या शिक्षिका, सुमीतचे मित्र, लग्नाला निघालेले शेजारी, की ती आधी विचारते, कारंज्याला चहाला थांबणार का? लोकांना वाटतं, तिला काही सामान पाठवायचं असेल.

तुम्हीही कधी त्या वाटेनं जात असाल, तर तिचं तुमच्याकडेही एवढंच मागणं आहे. दुपार उतरताना थांबा, बाया मोकळ्या असतात तेव्हा. मोहिनीला हाक मारू नका, खताचं विचारू नका, चारुताचं नाव तर घेऊच नका. चहा प्या, आणि पाय मोकळे करायचं निमित्त करून ढाब्याच्या मागं एक चक्कर टाका. शेवटच्या खोलीच्या दाराबाहेर बापलेकीच्याच चपला आहेत, की आणखी कोणाच्या दिसतात, तेवढं पाहून या.